आजोबांची वही, नातवंडांचा अभ्यास

१९६६ साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, अपॅलेचियन पर्वतराजीच्या कुशीतील रेबन गॅप येथील शाळेत इंग्रजी शिकवणारा एक तरुण शिक्षक पुरता हताश झाला होता. नववी-दहावीची मुले पुस्तकाकडे ढुंकूनही पाहत नव्हती. खोड्यांची मजल वर्गातील त्याचे व्याख्यानपीठ पेटवून देण्याच्या प्रयत्नापर्यंत गेली. तेव्हा त्याने मुलांपुढे वेगळाच प्रस्ताव मांडला : पाठ्यपुस्तक बाजूला ठेवू आणि सर्वांनी मिळून एक नियतकालिक काढू.

त्यात लिहायचे काय, हा प्रश्न मुलांनीच सोडवला. ती आपल्या आजी-आजोबांकडे आणि परिसरातील वृद्धांकडे गेली. घरगुती औषधे कोणती, ओंडक्यांचे घर कसे उभारतात, गोधडी कशी शिवतात, साबण घरी कसा करतात, हे त्यांनी विचारले आणि ध्वनिमुद्रित केले. मार्च १९६७ मध्ये ‘फॉक्सफायर’ या नावाने पहिला अंक निघाला. फॉक्सफायर म्हणजे कुजक्या लाकडावर अंधारात मंद प्रकाशणारी बुरशी. पावसाळ्यात भीमाशंकरच्या अरण्यात असा प्रकाश ज्यांनी पाहिला असेल, त्यांना या नावाचे मर्म तत्काळ उमगेल. जीर्ण म्हणून टाकून दिलेल्या वस्तूतही उजेड असतो.

शिक्षण झाले कसे?

एका वृद्धाचे तासाभराचे बोलणे कागदावर उतरवणे सोपे नसते. वाक्य कुठे संपले, स्वल्पविराम कुठे द्यावा, बोलीतला शब्द तसाच ठेवावा की बदलावा, याचा निर्णय प्रत्येक ओळीला घ्यावा लागतो. व्याकरणाला कंटाळलेली मुले या निमित्ताने व्याकरण शिकली. घराच्या सांध्यांची आकृती काढताना मोजमाप आले, छायाचित्रे धुताना रसायने हाताळावी लागली, आणि वर्गणीदारांचा पत्रव्यवहार व हिशेब सांभाळताना व्यवहारही कळला. १९७२ मध्ये निवडक लेखांचे पुस्तक निघाले, ते देशभर गाजले आणि त्याची मालिकाच झाली. त्या उत्पन्नातून जमीन घेऊन जुनी लाकडी घरे तेथे पुन्हा उभारण्यात आली. स्थानिक विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्याही मिळू लागल्या.

आंट एरी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वृद्धेचे उदाहरण बोलके आहे. ती ओंडक्यांच्या घरात एकटी राहत असे, विहिरीचे पाणी शेंदत असे आणि लाकडाच्या चुलीवर रांधत असे. जग तिला मागासलेली म्हणाले असते. मुले मात्र तिच्याकडे शिष्य होऊन गेली. ज्ञान विचारायला कोणी येते, तेव्हा वृद्धाचे घरातील स्थान बदलते, आणि विचारणाऱ्याची दृष्टीही बदलते.

आपल्या घरातील पाठशाळा

त्या डोंगरी समाजाचा आहार-विहार आपल्याहून सर्वस्वी भिन्न आहे. परंतु त्याची पद्धत व्यापारी घराण्यांना सहज उपयोगी पडेल, कारण लिहून ठेवणे हा या घराण्यांचा संस्कारच आहे. कित्येकांच्या माळ्यावर लाल कापडात बांधलेल्या रोजकीर्दी आणि खतावण्या अजून आहेत. त्यांतील मोडी अक्षर नातवाला वाचता येत नाही. आणे-पै आणि शेर-पायली त्याला ठाऊक नसतात.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. १९५८ पासून मेट्रिक वजने लागू होऊ लागली. त्या वेळी गादीवर वडिलांशेजारी बसणारा दहा-बारा वर्षांचा मुलगा आज पंच्याहत्तरी ओलांडून गेला आहे. चाळीस शेरांचा मण धरला, तर अडीच रुपये मण म्हणजे एक आणा शेर. मग दहा रुपये मणाचा माल चार आणे शेर. असे हिशेब त्या पिढीने पाटी न घेता केले. हे तोंडी गणित शिकवू शकणारी माणसे दर वर्षी कमी होत आहेत. वही माळ्यावर राहील. ती उलगडून सांगणारा उद्या असेलच असे नाही.

प्रारंभ लहान असावा. एका वेळी एकच वडीलधारी व्यक्ती आणि एकच विषय : बाजाराचा दिवस, हुंडीचा व्यवहार, किंवा चातुर्मासात हिरवी भाजी वर्ज्य असता आजींनी सांभाळलेले स्वयंपाकघर. ‘काय करत होता?’ यापेक्षा ‘कसे करत होता?’ हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो. आजी मारवाडी, गुजराती किंवा अहिराणी शब्द वापरत असतील, तर मुलांनी ते शुद्ध करू नयेत, तसेच लिहावेत. लिहिलेले त्यांना वाचून दाखवावे आणि त्यांची संमती घ्यावी. जुन्या वहीतील ऋणकोंची नावे मात्र उघड करू नयेत. पेढीवरचा विश्वास हीदेखील वारशातील ठेव आहे.

गुणांच्या शर्यतीत याला वेळ कुठून आणायचा, अशी शंका पालक घेतील. सुटीतील एक आठवडा पुरेसा आहे. त्या आठवड्यात मूल ऐकायला, नेमके लिहायला, आकडे ताडून पाहायला आणि मोठ्यांशी आदराने बोलायला शिकते. पेढीवर बसणाऱ्याला तरी याहून वेगळे काय लागते?

ज्ञानपंचमीला आणि श्रुतपंचमीला शास्त्रग्रंथांची भक्तिभावाने पूजा होते. ज्या समाजाने हस्तलिखितांची भांडारे शतकानुशतके जपली, त्याच्या मुलांनी यंदा त्या दिवसापूर्वी आपल्या घराची एक नवी वही लिहून पूर्ण करावी, आणि तिचे पहिले पान आजी-आजोबांच्या हाती द्यावे.