गोव्याचा इंत्रुज आणि आपला फगवा

“गोव्यातले ख्रिस्ती रस्त्यावर नाचतात, मग आम्ही फगवा खेळला तर काय बिघडलं?” नेर तालुक्यातल्या एका वस्तीवर बायबल वर्गानंतर एका तरुणाने मला विचारले. त्याने मोबाईलवर पणजीची कार्निव्हल मिरवणूक पाहिली होती. प्रश्न रास्त होता, म्हणून उत्तर जरा मुळापासून देतो.

कार्निव्हल हा शब्द लॅटिनमधल्या ‘मांस बाजूला ठेवणे’ या अर्थाच्या शब्दांवरून आला, असे मानतात. राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू होई. त्याआधी घरातले मांस, अंडी, चरबी संपवायची, म्हणून युरोपात खाण्यापिण्याची आणि सोंगांची चंगळ चाले. पोर्तुगीजांबरोबर ही चाल गोव्यात आली. तिथे तिला इंत्रुज म्हणतात. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ ‘प्रवेश’, म्हणजे उपवासकाळात प्रवेश.

गावातला जुना इंत्रुज साधा होता. लोक एकमेकांवर पिठाच्या पुड्या आणि रंगाचे पाणी टाकत. खेळगड्यांचा मेळ वाजतगाजत वाड्यावाड्यांत फिरून घरांच्या अंगणात ‘खेळ’ करी. बायकांची सोंगे पुरुषच घेत, आणि गावातल्या बड्यांची थट्टा त्या दिवसांत चालून जाई. आज टीव्हीवर दिसते ते चित्ररथांचे संचलन मात्र अलीकडचे. गोवा 1961 मध्ये मुक्त झाला आणि 1965 मध्ये तिमोतिओ फर्नांडिस यांच्या पुढाकाराने पणजीत ते सुरू झाले. त्यात किंग मोमो ‘खा, प्या, मजा करा’ असे फर्मान काढतो. या दारूच्या जाहिरातबाजीबद्दल तिथल्या चर्चने वेळोवेळी नापसंती दाखवली आहे. तेव्हा कार्निव्हल हा चर्चचा सण आहे, हा समज चूक. तो लोकांचा आहे. चर्चने त्याला फक्त एक कुंपण घातले: मंगळवारी रात्री ढोल थांबला पाहिजे.

आपली अडचण इथेच आहे. आपली होळी त्या कुंपणाच्या आत येते. कार्निव्हल बहुधा अमावास्येच्या आसपास पडतो आणि होळी पौर्णिमेला, म्हणजे जवळजवळ दरवर्षी उपवासकाळातच. 2024 मध्ये तर 24 मार्चला सकाळी झावळ्यांचा रविवार होता आणि त्याच रात्री होळी पेटली.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, मेळघाटात, कोरकू माणूस कामासाठी कुठेही गेलेला असो, होळीला गावी परततो. ढोल वाजतो, रस्त्यावर गाड्या अडवून फगवा मागतात, हे पाच दिवस चालते. वर्षभर पांगलेले घर तेव्हाच एकत्र दिसते. हे सोडा, असे मी तरुणांना सांगू शकत नाही. फगव्याच्या पैशाची दारू होते आणि पुढचा आठवडा लेकरे उपाशी राहतात, हेही मी वस्तीवर पाहिले आहे. उपवास कशाला म्हणावे, हे यशया 58 मध्ये वाचून पाहावे.

उपवासाचे दिवस 40 मोजतात तेव्हा मधले रविवार धरत नाहीत. म्हणून मी सुचवले: होळीनंतरच्या रविवारी उपासना झाल्यावर ढोल काढा, फगवा धान्यात आणि गुळात घ्या आणि वस्तीवरच सर्वांचा स्वयंपाक करा. पोरांना पटले.

एका म्हाताऱ्या बाबांना नाही पटले. ते म्हणाले, “होळी विझल्यावर वाजवला तो ढोल होळीचा कसा?” पुढच्या बैठकीला त्यांनाच आधी बोलू द्यायचे ठरले आहे.