शीतपेटीतला पहारेकरी

कोविडच्या काळात मुंबई महापालिकेने कांजूरमार्ग पूर्वेला लशींचे मोठे शीतगृह उभारले. अशा साठ्याचा सगळा खेळ 2 ते 8 अंश सेल्सिअस या पट्ट्यात असतो. नियमित लसीकरणाच्या केंद्रांत ‘आयएलआर’ (बर्फाचे अस्तर असलेल्या) फ्रीजचे तापमान सकाळ-संध्याकाळ पाहून वहीत लिहितात. पण रात्री दोन वाजता वीज गेली तर? वहीला पत्ता नसतो.

डेटा लॉगर ती उणीव भरतो. तळहाताएवढे यंत्र, आत सेन्सर; ठरावीक मिनिटांनी नोंद चालूच. लशींच्या साठ्यावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी ‘ईविन’ यंत्रणेतले लॉगर तर सिमकार्डातून आकडे थेट पाठवतात आणि पट्टा ओलांडला की मोबाइलवर संदेश येतो. नेहमीच्या 30 दिवसांच्या लॉगरमध्ये सलग 10 तास 8 अंशांच्या वर किंवा 1 तास उणे 0.5 च्या खाली तापमान राहिले की इशारा उमटतो.

थंडीसाठी मुदत इतकी कमी का? उष्णतेचा मार कुपीवरच्या व्हीव्हीएम (उष्णता दाखवणाऱ्या खुणेच्या) चौकोनाचा रंग बदलून कळतो. गोठल्याचा त्यावर कळत नाही. हेपेटायटिस-बी, पेंटाव्हॅलंट, टीडी (धनुर्वात-घटसर्प) या लशी एकदा गोठल्या की वितळूनही निकामीच. माझ्या मते उन्हाळ्यापेक्षा बिघडलेला थर्मोस्टॅट जास्त घातक.

सेन्सर मात्र लशींच्या मधोमध हवा, दारात किंवा बर्फाच्या भिंतीला टेकून नको. आणि इशारा आला तर कुप्या परस्पर फेकू नका, वापरूही नका. वेगळ्या करून, थंडच ठेवून वरिष्ठांना कळवा.