हार्ड डिस्कची झोप आणि आमची झोप



हा अंक ज्या लॅपटॉपवर टाइप होतो तो मंडळाचा आहे, आणि वयाने आपल्या शनिवारच्या मराठी शाळेतल्या बहुतेक मुलांपेक्षा मोठा आहे. आमच्या बेसमेंटमध्ये तो रात्रंदिवस चालू असतो. त्यात जुन्या पद्धतीची, फिरणारी हार्ड डिस्क आहे. तिच्यात वीस वर्षांच्या गणेशोत्सवांचे फोटो आणि मुलांच्या नाटकांचे व्हिडिओ आहेत. रात्री सामसूम झाली की तिची कुरकुर जिन्यापर्यंत ऐकू येते. कुणी हात लावलेला नसताना ही बया काय लिहीत बसते, हे आम्हांला कोडेच होते.

शेवटी आम्ही शहाणपणा केला. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘पॉवर ऑप्शन्स’ असतात. तिथे हार्ड डिस्क किती मिनिटांनी थांबवायची ते ठरवता येते. मूळचा आकडा वीज जोडलेली असताना २० आणि बॅटरीवर १० मिनिटे असा असतो. आम्ही तो १ केला. वीज वाचेल, डिस्कलाही विसावा मिळेल!

काही महिन्यांनी फाइल उघडताना ‘टक्’ असा आवाज येऊ लागला. एका सभासदांचा मुलगा बघायला आला. डिस्क स्वतःचा हिशेब ठेवते, तो त्याने उघडला आणि म्हणाला, “काका, ही दर दोन मिनिटांनी झोपतेय आणि उठतेय. तिला झोपवू नका, तिला उठवणाऱ्यांना गप्प करा.”

गोष्ट अशी आहे. लॅपटॉपच्या डिस्कची तबकडी बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते. थांबताना वाचणारी सुई बाजूला उचलून ठेवली जाते, सुरू होताना परत आणली जाते. ही ये-जा साधारण ३ ते ६ लाख वेळा सोसेल असे बनवणारे सांगतात. दर दोन मिनिटांनी एकदा म्हणजे दिवसाला ७२०, वर्षाला २ लाख ६२ हजारांवर! शिवाय थांबलेली तबकडी पुन्हा फिरवायला चालू तबकडीपेक्षा जास्त वीज लागते. म्हणजे बचतही गेली आणि डिस्कही.

मग आम्ही १ चे पुन्हा २० केले आणि उठवणारे शोधले. पहिला निघाला ‘इंडेक्सिंग’, म्हणजे शोध पटकन लागावा म्हणून सगळ्या फाइलींची यादी करणारा. त्याला फक्त अंकाचा फोल्डर दिला. फोटो इंटरनेटवर चढवणारा प्रोग्रॅम दिवसभर डोकावत असे, त्याला रात्री एकदाच यायला सांगितले. मुख्य कारण मात्र अपुरी मेमरी. ४ जीबी भरली की संगणक उरलेले डिस्कवर उतरवतो आणि पुन्हा उचलतो. ८ जीबी केल्यावर निम्मी कुरकुर तिथेच थांबली.

विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपल्यावर ज्यांनी जुन्या यंत्रात लिनक्स घातले, त्यांना ‘नोएटाइम’ हा पर्याय उपयोगी आहे. फाइल नुसती वाचली तरी वाचल्याची वेळ लिहिली जाते, ते त्याने बंद होते. ‘लॅपटॉप मोड’ही आहे. तो लिहायचे साठवून ठेवतो आणि दहा दहा मिनिटांनी एकदम लिहितो. बॅटरी धड असेल तरच वापरा. आमची मेलेली आहे. झाडूवालीच्या (म्हणजे आमच्या सौ.च्या) हातून वायर निघाली तर वार्षिक सभेचा वृत्तान्त जायचा. आम्ही तो मोह टाळला.

ज्यांच्याकडे एसएसडी आहे त्यांनी हे सारे विसरावे. त्यात फिरणारे काहीच नसते.

आमची डिस्क आता बरीच शांत आहे, पण झालेली झीज भरून येत नाही. म्हणून सगळे फोटो दोन बाहेरच्या डिस्कांवर उतरवले आहेत. एक आमच्याकडे, एक खजिनदारांकडे. आपल्या मुलांच्या नाटकांची प्रत हवी असेल तर पुढच्या शनिवारी शाळेच्या वेळी रिकामी डिस्क घेऊन या. चहा आहेच.