मालकाच्या पश्चात पोपटाचे काय?

मालवण : कोकणात घरातील वडीलधारे माणूस गेले की तेराव्यानंतर मुले मुंबईला परततात आणि घराला कुलूप लागते. बागेची देखरेख शेजाऱ्यांकडे सोपविली जाते. मात्र पिंजऱ्यातील विदेशी पोपटाचा विचार आधी झालेला नसतो. आफ्रिकन ग्रे जातीचा पोपट ४० ते ६० वर्षे जगू शकतो. साठीत पिल्लू आणणाऱ्याने ते आपल्या पश्चातही जगेल हे गृहीत धरूनच तजवीज करायला हवी.

कायद्याच्या दृष्टीने पाळीव प्राणी ही मालमत्ता आहे. त्यामुळे पोपटाच्या नावे पैसे ठेवता येत नाहीत. सांभाळ करणाऱ्याच्या नावे ठेवावे लागतात. उद्योगपती रतन टाटा यांचे ९ ऑक्टोबर २०२४ रोजी निधन झाले. त्यांनी 'टिटो' या कुत्र्याचा सांभाळ मृत्युपत्राद्वारे आपल्या स्वयंपाक्याकडे सोपविल्याचे वृत्त त्यानंतर प्रसिद्ध झाले होते. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक असतात. नोंदणी ऐच्छिक असते.

विदेशी प्राण्यांबाबत आणखी एक अट आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतील प्राणी चौथ्या अनुसूचीत आले. २०२४ च्या नियमांनुसार त्यांची नोंदणी 'परिवेश २.०' या पोर्टलवर करावी लागते. प्राण्याचा ताबा दुसऱ्याकडे गेल्यास तेही कळवावे लागते. मालकाने नोंदणीच केली नसेल, तर वारस अडचणीत येतो. देशी पोपट आणि स्टार कासव पाळण्यासच बंदी असल्याने ते वारसाहक्काने देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

प्राणी सोडून देणे हाही उपाय नव्हे. पिंजऱ्यात वाढलेला पोपट बाहेर तग धरत नाही. लाल कानपट्टीचे विदेशी कासव धामापूरसारख्या तलावात सोडल्यास स्थानिक कासवांच्या अन्नावर आणि जागेवर अतिक्रमण होते.

मृत्युपत्र उघडेपर्यंत काही दिवस जातात. दाणापाणी मात्र त्याच संध्याकाळी लागते. म्हणून तातडीसाठी जवळचा शेजारी आणि कायमसाठी दुसरी व्यक्ती, अशी दोन नावे त्यांच्या संमतीने ठरवावीत. आहार, पशुवैद्यकाचा दूरध्वनी आणि नोंदणीची प्रत पिंजऱ्याजवळ ठेवावी. नुसत्या बियांवर पोपटाचे पोषण होत नाही, हेही त्यात लिहावे.

सोबतीचे माणूस अचानक दिसेनासे झाल्यास हे पोपट स्वतःची पिसे उपटू लागतात. त्यामुळे भावी पालकाची सवय मालक हयात असतानाच लावणे हिताचे. मुले गणपतीला गावी येतात, तेव्हा पोपटाला भरवण्याचे काम त्यांच्याकडे दिल्यास ही सुरुवात होऊ शकते.