कडेवर, झोळींत कीं पट्ट्यांत?

जळगांवच्या मेहरूण तलावाकांठीं सकाळच्या प्रहरीं फिरावयास जाणाऱ्या मंडळींत अलीकडे एक नवें दृश्य दिसूं लागलें आहे. तान्हें मूल वडिलांच्या छातीशीं पट्ट्यांनीं बांधलेल्या कापडी पिशवींत निवांत झोंपलेलें असतें आणि वडील दोन्ही हात मोकळे सोडून चालत असतात. त्याच रस्त्यानें कामावर निघालेली एखादी बाई आपलें मूल जुन्या लुगड्याच्या झोळींत बांधून झपाझप जाते. आणि कोणी आजीबाई नातवाला कडेवर घेऊन, दर शंभर पावलांनीं कूस बदलीत, हळूहळू चाललेल्या असतात. काम एकच, पण साधनें तीन. आणि यांपैकीं बरें कोणतें यावर घरोघर वाद. ‘आमच्या वेळीं असलीं पट्ट्यांचीं सोंगें नव्हतीं,’ असें सासूबाई म्हणतात. ‘एवढी किंमत आहे, तेव्हां चांगलेंच असणार,’ असें सूनबाईंना वाटतें. या दोन्ही म्हणण्यांत तथ्य थोडें आहे. साधन जुनें कीं नवें, स्वस्त कीं महाग, हा प्रश्नच गौण होय. त्यांत मुलाचे पाय कसे राहतात, मान कशी राहते आणि श्वास कसा चालतो, हें पाहावयाचें असतें.

प्रथम सासूबाईंच्या आक्षेपाचा विचार करूं. मूल अंगाशीं बांधून नेण्याची कल्पना विलायतेंतून आलेली नाहीं. आमच्या खानदेशांत बोलीमध्यें ‘ळ’ चा ‘य’ होतो, म्हणून झोळीची ‘झोयी’ झाली. आणि कपाशीच्या वेचणीच्या दिवसांत बांधावरच्या निंबाला टांगलेली झोयी ज्यानें पाहिली नाहीं असा खानदेशी मनुष्य विरळा. सातपुड्याच्या पायथ्याशीं, चोपडें, यावल, शिरपूर या भागांत भिल्ल आणि पावरा स्त्रिया मूल कापडानें अंगाशीं बांधून बाजाराची वाट चालतात. खरें पाहतां पाश्चात्त्यांनींच ही युक्ति इतरांपासून घेतली. अ‍ॅन मूर नांवाची एक अमेरिकन परिचारिका १९६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत पश्चिम आफ्रिकेंतील टोगो देशांत ‘पीस कोअर’च्या कामासाठीं राहिली होती. तेथल्या माता मुलें पाठीशीं बांधून दिवसभर वावरतात आणि तीं मुलें फारशीं रडत नाहींत, हें तिनें पाहिलें. मायदेशीं परतल्यावर स्वतःला मुलगी झाली, तेव्हां तिनें आपल्या आईकडून तसेंच साधन शिवून घेतलें, त्यांत सुधारणा केल्या आणि १९६९ मध्यें त्याचें पेटंट मिळविलें. ‘स्नग्ली’ या नांवानें तें पुढें बाजारांत आलें. १९७३ मध्यें स्वीडनमधील ‘बेबीब्यॉर्न’ या मंडळींनीं आपलें साधन काढलें. तेव्हां दुकानांतील ‘बेबी कॅरियर’ आणि शेतांतली झोयी यांचें गोत्र एकच आहे.

झांशीच्या राणीचें पाठीशीं मूल बांधलेलें चित्र आपणां सर्वांना ठाऊक असतें. चित्रकारांनीं तें मूल फारच लहान दाखविलें आहे, एवढेंच येथें जातां जातां म्हणावेंसें वाटतें. दत्तकविधान १८५३ सालचें. १८५८ मध्यें दामोदरराव कांहीं तान्हे राहिले नव्हते, आणि तेवढ्या वयाच्या मुलाला पाठीशीं बांधणें कोणाच्याहि कमरेला परवडणारें नव्हे.

मूल अंगाशीं घेतल्यानें लाभ होतो काय? होतो, मात्र तो मोजून सांगावा. कानडांतील मॉन्ट्रियल येथें हुन्झिकर आणि बार या दोन वैद्यांनीं १९८६ मध्यें एक अभ्यास प्रसिद्ध केला. कांहीं मातांना त्यांनीं सांगितलें कीं, मूल रडो वा न रडो, त्याला रोज निदान तीन तास अधिक अंगावर वागवा. सहा आठवड्यांच्या वयाला हीं मुलें इतरांहून शेंकडा ४३ नें कमी रडत होतीं, आणि संध्याकाळच्या वेळीं तर याहूनहि कमी. परंतु जीं मुलें पोटशूळानें आधींच आक्रोश करीत असत, त्यांच्यावर पुढें १९९१ मध्यें हाच उपाय करून पाहिला तेव्हां तसा गुण आला नाहीं. म्हणून झोळी हें औषध आहे असें समजूं नये. कमी वजनाच्या अर्भकांची गोष्ट वेगळी. त्यांना मातेच्या उघड्या छातीशीं ठेवण्याची ‘कांगारू’ पद्धति १९७८ मध्यें कोलंबियांतील बोगोटा येथें डॉ. एडगर रे यांनीं सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेनें भारतासह पांच देशांत केलेल्या आणि २०२१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, जन्मतःच ती सुरू केल्यास अशा अर्भकांचे मृत्यु सुमारें एक चतुर्थांशानें घटतात, असें आढळलें. पण ही पद्धति रुग्णालयांतील देखरेखीखालीं चालते. तिचें नांव घेऊन कोणी दुकानदार कमी दिवसांच्या मुलासाठीं पिशवी विकूं लागला तर ती घेऊं नये. आधीं डॉक्टरांना विचारावें.

आतां पायांकडे वळूं. जन्माच्या वेळीं मुलाचा खुब्याचा सांधा पुरता बनलेला नसतो. मांडीच्या हाडाचा गोल माथा ज्या उखळींत बसतो ती उखळी उथळ आणि बव्हंशीं मऊ कूर्चेची असते. मांड्या वर वांकलेल्या आणि बाजूंना फांकलेल्या असल्या म्हणजे तो माथा उखळीच्या मधोमध दाबून बसतो आणि उखळी त्याच्याभोंवतीं नीट घडत जाते. उलट पाय सरळ ताणून एकमेकांशीं जखडले, तर माथा कडेकडे सरकूं पाहतो. म्हणूनच तान्ह्या मुलाला बाळंत्यांत गुंडाळतांना पाय काठीसारखे सरळ करून घट्ट बांधण्याची चाल आतां सोडून दिली पाहिजे. जपानमध्यें १९७५ च्या सुमारास ही चाल सोडण्याविषयीं देशभर प्रचार झाला, आणि त्यानंतर मुलांचा खुबा निखळण्याचें प्रमाण तेथें फारच खालीं आलें.

या दृष्टीनें आजीबाईंची कडेवर घेण्याची रीत पाहा. मुलाची एक मांडी आजीच्या पोटावर, दुसरी पाठीकडे, गुडघे वर आणि बूड किंचित् खालीं. वैद्यकाला हवी तीच ही बैठक होय. जेथें मुलें कडेवर किंवा पाठीवर पाय फांकवून वागविण्याची रूढि आहे, त्या समाजांत हा विकार कमी आढळतो, हें अस्थिवैद्यांनीं पूर्वींच नमूद करून ठेवलें आहे. दुकानांतलें साधन याच कसोटीस लावावें. मूल आंत बसविल्यावर कापडाचा आधार एका गुडघ्याच्या मागून दुसऱ्या गुडघ्याच्या मागेंपर्यंत पोंचतो काय, आणि गुडघे बुडाहून थोडे उंच राहतात काय? समोरून पाहिलें तर पाय आणि बूड मिळून इंग्रजी ‘एम’ अक्षराचा आकार व्हावयास पाहिजे. पुष्कळ स्वस्त आणि कांहीं महाग साधनांत केवळ दोन पायांमध्यें एक अरुंद पट्टी असते आणि मूल खुंटीवरच्या सदऱ्यासारखें लोंबतें. निरोगी मुलाचा सांधा अशा साधनांत थोडा वेळ राहिल्यानें बिघडतो असें कांहीं सिद्ध झालेलें नाहीं. तथापि सारा भार त्या पट्टीवर येतो आणि मूल अवघडतें, हें तरी उघड आहे. जें मूल पायाळू जन्मलें किंवा ज्याच्या जवळच्या नात्यांत हा विकार झालेला आहे, त्याचे खुबे डॉक्टरांकडून आधीं तपासून घ्यावेत. मुलींमध्यें हा विकार मुलांहून अधिक आढळतो, हेंहि ध्यानांत असावें.

याहूनहि महत्त्वाचा श्वासाचा प्रश्न आहे, आणि येथें मात्र जुन्या व नव्या दोन्ही पक्षांनीं सावध राहिलें पाहिजे. तान्ह्या मुलाचें डोकें शरीराच्या मानानें जड, मान दुबळी आणि श्वासनलिका मऊ असते. मूल खोलगट पिशवींत मुटकुळें होऊन पडलें आणि हनुवटी छातीला टेकली, कीं ती नळी दुमडल्यासारखी होते. असें मूल ओरडत नाहीं, हातपाय झाडीत नाहीं. तें गप्प असतें, आणि ‘छान झोंपलें आहे’ असें आईला वाटतें. अमेरिकेंतील ग्राहक-सुरक्षा आयोगानें मार्च १९१० नव्हे, अगदीं अलीकडे, मार्च २०१० मध्यें, खांद्यावरून लोंबणाऱ्या झोळ्यांविषयीं इशारा दिला. मागील वीस वर्षांत अशा झोळ्यांशीं संबंधित निदान १४ मृत्यूंची त्यांच्याकडे नोंद होती, आणि त्यांतील १२ मुलें चार महिन्यांच्या आंतलीं होतीं. अमेरिकेएवढ्या देशांत वीस वर्षांत चौदा ही संख्या लहान आहे असें कोणी म्हणेल. पण ते मृत्यु टाळतां येण्यासारखे होते.

म्हणून चार महिन्यांच्या आंतलें मूल उभेंच घ्यावें, आडवें नव्हे. कापड इतकें घट्ट असावें कीं मूल आंत घसरून गोळा होऊं नये. आपण पुढें वांकलों तरी तें आपल्या छातीपासून सुटूं नये. त्याचें डोकें इतकें वर असावें कीं आपण मान लववून सहज मुका घेऊं शकूं. हनुवटी आणि छाती यांमध्यें आपलीं दोन बोटें मावावींत. आणि त्याचा चेहरा आपल्याला सतत दिसावा. उन्हाची तिरीप लागूं नये म्हणून आपल्याकडे मुलाच्या तोंडावरून पदर घेतात. त्या मायेच्या पदराखालीं हवा कोंडते, याचा विसर पडूं नये. ऊन अडवावयाचें तर छत्री आहे. अंगावर पाजतांना मूल खालीं घेतलें असेल, तर पाजणें संपतांच तें पुन्हा वर उभें करावें.

उन्हाचा विषय निघालाच आहे. पाश्चात्त्य पुस्तकांतील सल्ला थंड हवेच्या लोकांसाठीं असतो. जळगांवांत वैशाखांत पारा ४४-४५ अंशांवर जातो. मूल अंगाशीं बांधलें म्हणजे त्याच्या अंगावर आपल्या देहाची ऊब आणि कापडाचे थर चढलेच. तेव्हां आंत एक पातळ सुती झबलें पुरे. पायमोजे, कानटोपी यांचा सोस नको. जाड गादीचें, कृत्रिम धाग्याचें साधन आमच्याकडे निरुपयोगी. सुती, शक्य तर पाठीशीं जाळी असलेलें घ्यावें. मुलाच्या मानेवर मागून हात लावून पाहावा; घामानें चिंब झाली असेल तर त्याला बाहेर काढून सावलींत घ्यावें. सहा महिन्यांच्या आंतील मुलाला वरचें पाणी नको, अंगावर अधिक वेळां पाजावें. आणि उन्हाळ्यांत भर दुपारीं मूल बांधून बाहेर पडूंच नये, मग साधन कितीहि उत्तम असो.

वाहणाऱ्याचाहि विचार झाला पाहिजे. जन्मतः तीन किलोच्या आसपास असलेलें मूल वर्षाचें होतांना नऊ किलोंच्या घरांत जातें आणि दोन वर्षांचें होतांना बाराच्या. हा भार केवळ खांद्यांवर घेतला तर मान आणि पाठ दुखूं लागते. म्हणून सहा महिन्यांपुढच्या मुलासाठीं कमरेला रुंद पट्टा असलेलें साधन घ्यावें. भार कटीच्या हाडांवर उतरतो. ज्यांचें बाळंतपण शस्त्रक्रियेनें झालें आहे, त्यांनीं तो पट्टा जखमेवर येत नाहीं ना हें पाहावें आणि डॉक्टरांनीं मुभा दिल्यावरच बांधावा. तोंवर हें काम वडिलांनीं करावें. त्यांत कमीपणा मुळींच नाहीं.

पहिल्या महिन्यांसाठीं लांब कापड सर्वांत चांगलें, कारण तें मुलाच्या अंगाबरोबर बसतें. त्यासाठीं साडेचार-पांच मीटर कापड लागतें. म्हणजे नऊवारी लुगड्याचा अर्ध्याहून थोडा अधिक भाग झाला. तें लुगडें उजेडासमोर धरून पाहावें, दोन्ही हातांनीं आडवें-उभें ओढावें. विरलेलें दिसलें तर त्याच्या गोधड्या कराव्या, झोळी करूं नये. मान धरूं लागलेल्या मुलासाठीं पट्ट्यांचें साधन सोयीचें. आधाराशिवाय बसूं लागल्यावर पाठीवर घेण्यास हरकत नाहीं. तोंड बाहेर करून बसविण्याची कांहीं आईबापांना हौस असते. मान पक्की झाल्यावर थोडा वेळ चालेल, पण पेंग येऊं लागतांच मूल आपल्याकडे वळवून घ्यावें. चालत्या मुलाचा तर एक क्षण भरंवसा नसतो; तें आतां उतरतें, आतां चढतें. कार्तिकी एकादशीच्या रथाच्या गर्दींत बाबागाडी चालत नाहीं, तेथें अशा मुलासाठीं दोन कड्यांतून ओंवलेली खांद्यावरची झोळी उपयोगी पडते. ती म्हणजे कडेवर घेण्याच्या रीतीलाच दिलेला एक टेकू.

दुकानांत जातांना मूल बरोबर न्यावें आणि खोक्यावरचें चित्र न पाहतां मूल आंत बसवून पाहावें. किती वजनापासून किती वजनापर्यंत हें साधन चालतें तें लिहिलेलें असतें. खालची मर्यादा लोक वाचीत नाहींत, आणि तान्ह्या मुलाच्या बाबतींत तीच महत्त्वाची. कोणाकडून जुनें मिळालें तर बकलें लावून-काढून पाहावींत आणि शिवण तपासावी. पहिल्यांदा बांधतांना पलंगाजवळ उभें राहावें. बांधलेलें मूल घेऊन चुलीपाशीं किंवा गॅसपाशीं जाऊं नये.

अखेरची गोष्ट दुचाकीची, कारण आमच्या शहरांत ती रोज डोळ्यांना दिसते. मूल छातीशीं बांधून वडील स्कूटर चालवितात, आणि पट्टे आहेत म्हणजे मूल सुरक्षित आहे अशी त्यांची समजूत असते. हे पट्टे पायीं चालण्यासाठीं केलेले आहेत. धक्का बसला तर मूल चालकाचें अंग आणि हँडल यांमध्यें चिरडलें जाईल. केंद्र सरकारनें फेब्रुवारी २०२२ मध्यें केलेल्या नियमाप्रमाणें नऊ महिने ते चार वर्षें वयाच्या मुलाला दुचाकीवर नेतांना चालकाशीं जोडणारें वेगळें सुरक्षा-जाकीट आणि मुलाच्या मापाचें शिरस्त्राण आवश्यक असून वेग ताशीं ४० किलोमीटरच्या वर नेतां येत नाहीं. हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला. नऊ महिन्यांच्या आंतील मुलाच्या मापाचें शिरस्त्राण आणि तें पेलण्याजोगी मान या दोन्ही गोष्टी नसतात. त्याला दवाखान्यांत न्यावयाचें असेल तर रिक्षा करावी.