रत्नागिरी ते पंढरपूर : पायी वारीची आखणी

वारीला निघणाऱ्या मनुष्याची श्रद्धा किती दृढ आहे, हे त्याचे त्यालाच ठाऊक. परंतु त्याची पावले दिवसाकाठी किती अंतर काटू शकतात, हे मोजून पाहता येते. आजच्या भाषणात या दुसऱ्या गोष्टीविषयीच बोलावयाचे आहे. रत्नागिरीहून पंढरपूर कोल्हापूर-मिरजेच्या वाटेने सुमारे तीनशे दहा किलोमीटर आहे. एवढी वाट वीस-पंचवीस माणसांनी, त्यांत कोणी साठीचा, कोणी पंचविशीचा, मिळून चालावयाची, आणि नेमलेल्या तिथीस चंद्रभागेच्या वाळवंटात पोचावयाचे, तर आखणी कशी करावी?

प्रथम वाटेचा विचार करू. कोकणातून मुंबईस जाणे पूर्वी गलबताने व बोटीने होई. देशावर जाणे मात्र घाट चढूनच. त्या काळी असे चालणे हा पराक्रम नव्हता, नित्याचा व्यवहार होता. दापोली तालुक्यातील मुरुडचे धोंडो केशव कर्वे विद्यार्थिदशेत परीक्षेसाठी साताऱ्यास भर पावसात सुमारे एकशे दहा मैल पायी गेले, आणि तेथे वय लहान दिसते म्हणून त्यांस परीक्षेस बसू दिले नाही, ही हकीकत त्यांच्या ‘आत्मवृत्ता’मुळे सर्वश्रुत आहे. आपली वाट आंबा घाटाची. या घाटावर आणि शेजारच्या अणुस्कुऱ्यावर विशाळगडाची नजर असे, यावरून तिचे जुनेपण कळते. आज याच वाटेने रत्नागिरी-कोल्हापूर-सोलापूर हा राष्ट्रीय महामार्ग जातो. पंढरपूरच्या यात्रेकरूने सांगोल्यापर्यंत त्याची सोबत धरावी आणि तेथून उत्तरेकडे वळावे.

आता वेळ. वारकरी संप्रदायात आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री अशा चार वाऱ्या मानल्या आहेत. आषाढीची थोरवी सर्वांत मोठी. परंतु त्या दिवसांत कोकणचा शेतकरी भाताच्या लावणीत गुंतलेला असतो. शिवाय घाटातील पाऊस हा काही सामान्य पाऊस नव्हे. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबा घाटात दरडी कोसळून वाहतूक खोळंबली होती. ज्या वाटेवर मोटारींची ही गत, तेथे पायी जाणारा जथा नेणे शहाणपणाचे नाही.

कार्तिकी एकादशी पुष्कळांस सोयीची वाटते. पाऊस सरलेला, पीक हाती आलेले. पण पंचांग उघडून मागे मोजत गेले की अडचण दिसू लागते. दिवसाला सरासरी वीस किलोमीटर हा मिश्र वयाच्या समुदायास झेपणारा वेग होय. तीनशे दहाला विसांनी भागिले असता चालीचे सोळा दिवस होतात. त्यांत विश्रांतीचे दोन मिळविले की अठरा. दशमीस पंढरपुरी पोचावयाचे, तर प्रस्थान वद्य अष्टमीस ठेवावे लागते. कार्तिकीसाठी ही अष्टमी आश्विनातील. म्हणजे धनत्रयोदशी, लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज हे सारे सण वाटेवर! भाऊबीज आटोपून तृतीयेस निघावे म्हटले, तर दशमीपर्यंत आठच दिवस उरतात आणि रोज जवळजवळ एकोणचाळीस किलोमीटर चालणे भाग पडते. तरण्याताठ्यांना ते कदाचित साधेल. पण मग त्यांच्याबरोबर आईवडिलांनी कसे यावे?

म्हणून रत्नागिरीकरांस माघी वारी सुचवावीशी वाटते. पौष वद्यात निघावे, माघ शुद्ध दशमीस पोचावे. शेतीची निकड नाही, घाट कोरडा, हवा थंड. मोठा सणही आड येत नाही. पौष वद्य पंधरवड्यात निघताना पहाटेच्या आकाशात चंद्र असतो, त्याचा पहाटे चालणाऱ्यास उपयोग होतो. अमावास्येनंतर मात्र पहाट अंधारी आणि संध्याकाळ चांदणी, हे ध्यानी ठेवून पुढच्या टप्प्यांत थोडे उशिरा निघावे. एक उणीव सांगितली पाहिजे. दिवाळीत शाळा रिकाम्या असतात. माघात त्या भरलेल्या. शाळेच्या ओट्यावर मुक्काम मागावयाचा असेल तर संध्याकाळी उतरून सकाळी घंटेपूर्वी जागा झाडून मोकळी करून द्यावी लागेल, आणि तसे मुख्याध्यापकांस पत्राने आधीच कळवावे लागेल.

आता टप्पे पाहू. पहिल्या दिवशी हातखंब्यावरून पाली, सुमारे वीस किलोमीटर. पालीहून साखरपा एका दिवसात गाठण्याचा मोह होतो, तो आवरावा. सुमारे तीस किलोमीटरची ही वाट नाणीजच्या बाजूस एक मुक्काम करून दोन दिवसांत वाटून घ्यावी. दुसरा आणि तिसरा दिवस यात्रेत सर्वांत फसवे असतात. उत्साह ताजा असतो, आणि पायांना फोड याच दिवसांत येतात. चौथ्या दिवशी साखरप्याहून आंबा घाट. कोकणच्या तळापासून सुमारे दोन हजार फुटांची उंची त्या दिवशी पायाखाली घालावयाची.

येथे पंचांग पुन्हा बोलते. वद्य अष्टमीस निघाले तर चौथा दिवस वद्य एकादशीचा येतो. वारकरी दोन्ही एकादश्या पाळतात. म्हणजे घाटाची चढण नेमकी उपवासाच्या दिवशी! शेंगदाणे, रताळी, केळी यांवर निभावणारे निभावतील. परंतु मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांस हे अपायकारक होऊ शकते, आणि अशी माणसे प्रत्येक समुदायात असतात. त्यावर उपाय सोपा आहे. अष्टमीऐवजी सप्तमीस निघावे. मग दशमीस पोटभर जेवून घाट चढता येतो आणि एकादशी आंबा गावी विश्रांतीत, भजनात जाते.

घाटानंतर विश्रांती हे काही नवे शास्त्र नव्हे. आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा क्रम पाहा. दिवेघाट चढून पालखी सासवडास येते आणि तेथे दोन रात्री राहते. आषाढीची ती पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीस प्रस्थान ठेवते आणि आषाढ शुद्ध दशमीस पंढरपुरी पोचते. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. म्हणजे तिचे दिवस आपल्या पहिल्या हिशेबाइतकेच, आणि वाट आपल्याहून कमी. शतकानुशतकांच्या अनुभवाने ठरलेल्या या वेळापत्रकात घाई नाही, ही गोष्ट नव्याने आखणी करणाऱ्याने मनावर घ्यावी.

आंब्याहून द्वादशीस मलकापूर, मग बांबवड्याच्या पुढे एक मुक्काम, आणि चतुर्दशीस कोल्हापूर. सप्तमीस निघाल्यामुळे मिळालेला एक दिवस येथे, अमावास्येस, हातचा ठेवावा. तिथीचा क्षय-वृद्धी झाला, कोणी आजारी पडले, तर हाच दिवस उपयोगी येतो. काहीच न झाले तर अंबाबाईचे दर्शन घडते. पुढे हातकणंगल्यावरून दोन दिवसांत मिरज. वाट सपाट असल्याने रोज पंचवीस किलोमीटर जड जात नाहीत. मिरजेस तृतीयेची दुसरी विश्रांती. हे गाव रुग्णालयांसाठी प्रसिद्ध आहे, आणि येथून पंढरपूरला आगगाडी आहे. १९२७ साली बार्शी लाईट रेल्वेचा अरुंद फाटा मिरजेस पोचला, त्याच मार्गाची आता रुंद लोहवाट झाली आहे. म्हणून प्रत्येकाचे पाय येथे डॉक्टरांकडून तपासून घ्यावेत आणि ज्याला पुढे चालणे धोक्याचे, त्याने येथून गाडीने पुढे जावे. मिरजेहून कवठे महांकाळ, सांगोला या वाटेने पंढरपूर सुमारे एकशे पस्तीस किलोमीटर. ते सात दिवसांत पुरे करावे आणि शेवटचा टप्पा हेतुपुरस्सर लहान ठेवावा. दर्शनाच्या रांगेत पुष्कळ तास उभे राहावे लागते. थकल्या पायांना ती शेवटची परीक्षा ठरते. ज्यास ती झेपणार नाही त्याने मुखदर्शन घ्यावे अथवा नामदेव पायरीशी माथा टेकावा.

पाण्याचा विचार या वाटेवर दोन भागांत करावा लागतो. रत्नागिरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. सांगोल्याकडे तो पाचशेच्या आसपास. अंकलीस कृष्णा ओलांडली की माती काळी, झाडे विरळ आणि ऊन कोरडे होते. कोकणी मनुष्य सावलीस सरावलेला. त्याला हा पालट जाचतो. रस्ता रुंद होत गेला तशी सावली आणखी कमी झाली. मिरज तालुक्यातील भोसे येथे सुमारे चारशे वर्षांचा म्हणून ख्यात असलेला वटवृक्ष या महामार्गाच्या आड येत होता. २०२० साली लोकांनी आवाज उठविला, तेव्हा रस्त्याची आखणी बदलण्यात आली. वाटसरूला एका झाडाचे मोल किती, हे मिरजेपुढे दुपारी चालणाऱ्यास सांगावे लागत नाही. या भागात प्रत्येकाजवळ निदान दोन लिटर पाणी असावे आणि अकराच्या आत दिवसाची बहुतेक चाल संपवावी.

महामार्ग सोयीचा आहे, तसा घातकही. आंधारात चालताना चकाकणारे पट्टे अंगावर असावेत, पुढे-मागे दिवा असावा, आणि एकेरी रांगेने, समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने चालावे. घाटात तर उजाडल्यावाचून पाऊलच टाकू नये. वळणे आंधळी आहेत, आणि आंब्याच्या रानात गव्यांचा वावर आहे. वाटेवरील पोलीस ठाण्यांस मुक्कामांची यादी आधी द्यावी.

सामान एका टेम्पोत जावे. पाठीवर पाणी, पांघरूण, औषध आणि थोडा खाऊ, एवढेच. शिधा घेऊन स्वयंपाकी मंडळी पुढे जातात, तेव्हा त्यांनी जागेबरोबर शौचाची आणि स्त्रियांच्या न्हाणीची सोय पाहून ठेवावी. ही गोष्ट पुरुषांनी केलेल्या याद्यांतून हमखास गळते. नवी वहाण वारीला काढू नये. दोन महिने पायात रुळलेलीच घ्यावी. रोज रात्री पाय धुऊन, कोरडे करून तेल लावावे, आणि कोठे लाली दिसली तर फोड येण्याची वाट न पाहता पट्टी बांधावी.

सराव घरच्या घरी होतो. रत्नदुर्गाची चढण आहे, भाट्याचा किनारा आहे. परंतु खरा सराव सलग दोन दिवस चालण्याचा. अभंग ज्ञानेश्वरी रचणाऱ्या स्वामी स्वरूपानंदांचे पावस रत्नागिरीहून सतरा-अठरा किलोमीटरांवर आहे. शनिवारी तेथे चालत जावे, रात्री राहावे, रविवारी परत यावे. जाताना सर्वजण चालतात. कोण टिकेल ते परतीच्या वाटेवर कळते. माघीसाठी असे निदान तीन सराव मार्गशीर्षापासून आरंभावेत.

शेवटी समुदायाची रीत. वाटेवर तरुण मंडळी पुढे निघून जातात, सावलीत बसतात, आणि मागची म्हातारी माणसे येऊन पोचतात न पोचतात तोच पुढे चालू लागतात. ज्याला विसाव्याची गरज सर्वांत अधिक, त्याच्याच वाट्याला विसावा येत नाही. असे चार दिवस चालले की तो मनुष्य आजारी पडतो अथवा मुकाट्याने एस. टी. धरून घरी जातो. यावर नियम एकच. विसावा शेवटचा मनुष्य पोचल्यापासून मोजावा. चालणाऱ्यांच्या अखेरीस दोन जाणते गडी शिट्टी घेऊन असावेत आणि त्यांच्यामागे कोणीही राहू नये. वीणेकऱ्याने आपली चाल त्यांच्या बेताने ठेवावी. दिवसाचे वीस किलोमीटर ठरविले, सप्तमीचे प्रस्थान ठरविले, मिरजेचा थांबा ठरविला, ते सर्व या शेवटच्या मनुष्यासाठीच.

तेव्हा निघण्यापूर्वी एक बैठक घ्यावी आणि एका कागदावर एकोणीस ओळी लिहाव्यात. प्रत्येक ओळीत तिथी, तारीख, मुक्कामाचे गाव, अंतर, पाण्याची जागा आणि जवळचा दवाखाना. त्याखाली बरोबर येणाऱ्या प्रत्येकाचे वय, औषधे आणि घरचा दूरध्वनी. कोणी मिरजेहून सामील होणार असेल, कोणी कोल्हापुरास थांबणार असेल, तर तेही तेथेच मोकळेपणाने नोंदवावे. त्यात कमीपणा मानू नये. या कागदाची एक प्रत पुढे जाणाऱ्या स्वयंपाक्याजवळ, एक वीणेकऱ्याजवळ, आणि एक अखेरीस चालणाऱ्या त्या दोघांजवळ असावी.