'साहेब जागेवर नाहीत!'
बदलत्या कार्यालयाची नवी मांडणी

'साहेब जागेवर नाहीत,' हे वाक्य आपल्या कार्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आले आहे. त्यातील 'जागा' या शब्दाला मोठा अर्थ होता. मेजाच्या काचेखाली सरकवलेले कुटुंबाचे छायाचित्र, कोपऱ्यातील देवाची तसबीर, खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल आणि खणातील डबा, या खुणांनी ती जागा त्या व्यक्तीची होत असे. काही दिवस घरून आणि काही दिवस कार्यालयातून काम करण्याच्या 'हायब्रिड' पद्धतीने नेमक्या या जागेविषयीच प्रश्न उभा केला आहे.

दूरस्थ कामाची कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेतील जॅक निलेस यांनी १९७३ मध्ये तिला 'टेलिकम्युटिंग' असे नाव दिले होते. मात्र मार्च २०२० मधील टाळेबंदीने ती घरोघरी पोहोचवली. टाळेबंदी उठल्यावर कर्मचारी परतले, पण सर्व जण नव्हेत आणि रोजही नव्हेत. रिकाम्या खुर्च्यांचे भाडे मात्र चालूच राहिले.

खुर्च्यांचे गणित

शंभर कर्मचारी आठवड्यातून तीन दिवस येणार असतील, तर पाच दिवसांच्या आठवड्यात साठ खुर्च्या पुरतात, असे कागदावरचे गणित सांगते. परंतु सोमवार व शुक्रवार टाळून सर्वांनी मधलेच तीन दिवस निवडले, तर शंभर खुर्च्याच लागतात. बँकिंग व्यवसायाला हे गणित परिचयाचे आहे. सर्व खातेदार एकाच दिवशी पैसे काढण्यास येत नाहीत, या अनुभवावर शाखेतील रोकड ठरते. परंतु पगाराच्या आणि निवृत्तिवेतनाच्या दिवसांत ती अधिक ठेवावी लागते. कार्यालयाची रचनाही सरासरीवर नव्हे, तर गर्दीच्या दिवसावर ठरवावी लागते. म्हणूनच आधी जागा आरक्षित करण्याची व्यवस्था आणि विभागवार दिवसांची आखणी आवश्यक ठरते.

काम तशी जागा

जुन्या वाड्यात सदरेवर चारचौघांत कारभार चाले आणि मसलत खलबतखान्यात होई. कामाच्या स्वरूपानुसार जागा, हेच तत्त्व आता नव्याने स्वीकारले जात आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये ड्रॉपबॉक्स या कंपनीने एकट्याने करावयाचे काम घरी आणि एकत्र येऊन करावयाचे काम कार्यालयात, अशी विभागणी जाहीर केली. अशा कार्यालयांत मेजांच्या रांगा कमी होतात. चर्चेच्या खोल्या, दूरध्वनीसाठी ध्वनिरोधक कक्ष आणि सामानासाठी कुलूपबंद कप्पे वाढतात.

सभागृहाचे रूपही पालटते. लांबट मेजाच्या टोकाला पडदा असला, तर घरून सहभागी झालेल्या सहकाऱ्याला केवळ चेहऱ्यांच्या कडा दिसतात आणि दूरचे बोलणे पुसट ऐकू येते. यावर उपाय म्हणून पडद्याकडे तोंड करून बसता येईल असे अर्धवर्तुळाकार मेज, छतात बसवलेले ध्वनिग्राहक आणि प्रतिध्वनी शोषणारी भिंतीवरील आवरणे वापरली जातात. दूर बसलेल्याचे मतही तितक्याच स्पष्टपणे ऐकू यावे, हा यामागील न्याय आहे.

बचतीची मर्यादा

येथे इतिहासाचा एक धडा लक्षात ठेवावा लागेल. हर्मन मिलर या कंपनीसाठी रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी १९६८ मध्ये सहज हलवता येणाऱ्या पडद्यांची रचना आणली, ती कर्मचाऱ्याला मोकळीक मिळावी म्हणून. व्यवस्थापनांनी मात्र तिच्यातून कमी जागेत अधिक माणसे बसवणारे चौकोनी कप्पे घडवले. भिंती काढल्याने संवाद वाढतो, ही समजूतही पूर्ण खरी नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, खुल्या कार्यालयात गेल्यावर प्रत्यक्ष संभाषण सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

धोरणेही स्थिर नसतात. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने २०२० मध्ये, २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्क्यांहून अधिक कर्मचाऱ्यांना कार्यालयात येण्याची गरज राहू नये, असे उद्दिष्ट जाहीर केले होते. ऑक्टोबर २०२३ पासून त्याच कंपनीने पाचही दिवसांची उपस्थिती मागितली. त्यामुळे पक्क्या बांधकामापेक्षा हलवता येणारी रचना अधिक शहाणपणाची ठरते.

रोखपालाला खिडकी सोडून घरी बसता येत नाही. शाखेत नव्याने रुजू झालेला अधिकारीही शेजारच्या ज्येष्ठाकडे पाहूनच खातेदाराशी बोलायला शिकतो. हे शिकणे कोणत्याही आरक्षण प्रणालीत नोंदले जात नाही. म्हणून चौरस फुटांची बचत करताना एका विभागाची माणसे एकत्र बसतील आणि प्रत्येकाला निदान आपला एक कप्पा असेल, एवढी काळजी घ्यावयास हवी. खुर्ची रोज बदलली तरी चालेल. आपण येथले आहोत, ही भावना बदलता कामा नये.